झुक्कोत्तो: एका केकच्या जन्मकथेची उलटतपासणी

पेटची मुलाखत असो की संशोधन आराखडा, ‘साधनांची चिकित्सा’ हा शब्द तुम्ही इतक्यांदा वाचलेला असतो की त्याचा अर्थच पुसट होतो. बाह्य चिकित्सा, अंतर्गत चिकित्सा, समकालीन साधन, उत्तरकालीन साधन. व्याख्या पाठ असतात. पण समोर एखादी ठसठशीत, गोड गोष्ट आली की तिला नेमका कुठून हात घालायचा हे सुचत नाही. माझं पीएचडीचं काम खाद्यपदार्थांच्या उगमकथांवर आहे, त्यामुळे आज गोड गोष्टच घेऊ. अगदी शब्दशः गोड.

इटलीत फ्लॉरेन्स शहरात झुक्कोत्तो नावाचा एक पदार्थ मिळतो. घुमटाच्या आकाराचा केक. खोलगट भांड्याला आतून स्पंज केकच्या चकत्या लावतात, त्या अल्केर्मेस नावाच्या लालभडक मद्यात भिजवतात, आत रिकोत्ता (आपल्या पनीरच्या जवळचा, पण जास्त मऊ प्रकार) किंवा फेटलेली साय भरतात, त्यात साखरेत मुरवलेली फळं आणि चॉकलेटचे तुकडे. वरून पुन्हा केकचा थर. मग हे सगळं थंडीत ठेवायचं आणि दगड होण्याआधी, अर्धवट गोठलेलं असतानाच उलटं करून कापायचं. इटालियन भाषेत या जातीला सेमीफ्रेद्दो म्हणतात, म्हणजे ‘अर्धं थंड’. साखरेमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि फेटलेल्या सायीत हवा अडकलेली असते, म्हणून सुरी सहज जाते.

आता याची जन्मकथा. इंटरनेटवर, पर्यटनाच्या माहितीपत्रकांत, पाककृतींच्या पुस्तकांत थोड्याफार फरकाने ती अशी सांगतात: सोळाव्या शतकात मेदिची घराण्याचा प्रख्यात वास्तुशिल्पी बेर्नार्दो बुओन्तालेंती याने कातेरिना दे मेदिचीच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीसाठी हा पदार्थ तयार केला. तो पायदळाच्या शिरस्त्राणात साच्यासारखा घडवला, म्हणून त्याला ‘कातेरिनाचं शिरस्त्राण’ असंही म्हणत. आणि हा इतिहासातला पहिला सेमीफ्रेद्दो.

काय सुंदर गोष्ट आहे बघा. एक राणी, एक कलावंत, एक शिरस्त्राण आणि वर ‘पहिला’ हा मान. मला विचाराल तर या चारही गोष्टी एकाच वाक्यात आल्या की तिथेच पेन्सिल उचलायची.

सुरुवात सगळ्यात स्वस्त तपासणीपासून करा. त्यासाठी अभिलेखागार लागत नाही, फक्त वजाबाकी लागते. कातेरिनाचा जन्म १५१९ चा. ऑक्टोबर १५३३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिचं लग्न मार्सेय इथे फ्रान्सच्या राजपुत्राशी झालं. हाच पुढे दुसरा हेन्री म्हणून गादीवर आला. कातेरिना त्यानंतर फ्रान्सचीच झाली, फ्लॉरेन्सला परत राहायला आली नाही, आणि जानेवारी १५८९ मध्ये फ्रान्समध्येच वारली. बुओन्तालेंतीचा जन्म १५३१ च्या सुमाराचा. म्हणजे कातेरिनाने शहर सोडलं तेव्हा आपला थोर वास्तुशिल्पी फार तर दोन वर्षांचा होता. दोन वर्षांचं मूल केक पाडू शकतं, रचू शकत नाही.

इथे बरेच जण थांबतात. ‘कथा खोटी, पुढे चला.’ मला ही घाई पटत नाही. कथा पडली हे सांगणं हे अर्धंच काम झालं. ती नेमक्या याच माणसांभोवती का उभी राहिली, हा दुसरा आणि जास्त रंजक प्रश्न आहे. त्यासाठी बुओन्तालेंतीचं खरं आयुष्य पाहावं लागतं.

हा माणूस काही हवेतला नाही. फ्लॉरेन्सच्या बोबोली बागेतली मोठी कृत्रिम गुहा, उफीत्सीमधलं अष्टकोनी त्रिबूना दालन, बेल्वेदेरे किल्ला ही त्याची कामं आजही उभी आहेत. तो किल्ले बांधायचा, कालवे आखायचा, नाटकांसाठी यंत्रं बनवायचा, शोभेचं दारूकाम करायचा. दरबारासाठी हिवाळ्यातला बर्फ साठवून ठेवण्याच्या व्यवस्थेशीही त्याचं नाव जोडलं जातं. थोडक्यात, ‘ज्याने काहीही केलं असेल’ असं सहज वाटावं असा हा गृहस्थ. अशा माणसाला मी मनातल्या मनात ‘खुंटी’ म्हणते. शहराला एखादी निनावी गोष्ट टांगायची असली की ती याच खुंटीला टांगतात. आज फ्लॉरेन्समध्ये बुओन्तालेंती नावाचा आइस्क्रीमचा स्वादसुद्धा मिळतो. तो विसाव्या शतकातला आहे.

आता लग्नं पाहा. १५८९ मध्ये, कातेरिना वारली त्याच वर्षी, फ्लॉरेन्समध्ये मोठा समारंभ झाला. ग्रँड ड्यूक पहिला फेर्दिनांदो याचं लग्न लोरेनच्या क्रिस्तीनाशी झालं, आणि ही क्रिस्तीना कातेरिनाची नात, तिच्याच देखरेखीखाली वाढलेली. त्या समारंभातल्या रंगभूमीच्या यंत्रांची आणि देखाव्यांची जबाबदारी बुओन्तालेंतीची होती. पुढे ऑक्टोबर १६०० मध्ये आणखी एक लग्न: मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री. नवरदेव स्वतः आलाच नाही, त्याच्या वतीने प्रतिनिधी उभा होता. पालात्सो वेक्किओमध्ये झालेल्या त्या मेजवानीच्या मांडणीत बुओन्तालेंतीचा हात होता. तिथे साखरेचे पुतळे मांडले होते. या लग्नसोहळ्याचं वर्णन मिकेलांजेलो बुओनार्रोती (प्रसिद्ध शिल्पकाराच्या पुतण्याचा मुलगा, म्हणून ‘धाकटा’) याने लिहिलं आणि ते त्याच वर्षी छापलंही गेलं.

म्हणजे मेदिची घराण्यातून फ्रान्सच्या राण्या झालेल्या दोघी: कातेरिना आणि मारिया. दोघींच्या लग्नांमध्ये सदुसष्ट वर्षांचं अंतर. बुओन्तालेंती खरोखर ज्या लग्नांत वावरला ती मारियाची आणि कातेरिनाच्या नातीची. लोकस्मृतीत सनावळ्या टिकत नाहीत, नावं टिकतात, आणि त्यातही जास्त गाजलेलं नाव टिकतं. माझा अंदाज असा की कातेरिना या गोष्टीत आली ती या दोघींची जागा घेऊन. हा अंदाज आहे आणि प्रबंधातही मी तो अंदाज म्हणूनच लिहीन. पण ‘कथा चुकीची आहे’ यापेक्षा ‘कथेत कोण कुणाच्या जागी उभं आहे’ हे वाक्य तुम्हाला पुढचं दार उघडून देतं.

कातेरिनाचं नाव गाजायला आणखी एक कारण आहे आणि ते चक्क छापील आहे. १७५४ मध्ये दिदरोच्या विश्वकोशाचा चौथा खंड निघाला. त्यात पाककलेवरच्या नोंदीत जोकूरने लिहिलं की कातेरिनाच्या काळात फ्रेंच दरबारात आलेल्या इटालियनांनी फ्रेंचांना चोचले शिकवले. त्यात टीकेचा सूर होता. साधं खाणं बिघडवल्याचा ठपका होता. पुढच्या दोन शतकांत ठपक्याचं कौतुक झालं आणि आइस्क्रीम, काटेचमचे, असं काय काय कातेरिनाच्या सामानात भरलं गेलं. ते सामान उपसण्याचं काम विसाव्या शतकाच्या अखेरीस झालं. बार्बरा केचम व्हीटन यांचं १९८३ चं फ्रेंच पाकइतिहासावरचं पुस्तक आणि एलिझाबेथ डेव्हिड यांचं बर्फाच्या इतिहासावरचं, त्यांच्या मृत्यूनंतर १९९४ मध्ये आलेलं ‘हार्वेस्ट ऑफ द कोल्ड मंथ्स’ ही दोन्ही वाचाच. विशेषतः दुसरं. एक पाककृती लिहिणारी बाई अभिलेखांत किती खोल उतरू शकते ते कळतं.

आता दुसऱ्या बाजूने जाऊ. माणसं बाजूला ठेवा आणि पदार्थालाच विचारा: तुझ्यात काय काय आहे आणि ते तुझ्यात कधी येऊ शकलं असतं?

चॉकलेट घ्या. फ्रान्चेस्को कार्लेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५९४ मध्ये सेव्हिलहून निघाला आणि अमेरिका, फिलिपिन्स, जपान, मकाव, मलाक्का असं करत जगाला फेरी मारून १६०६ मध्ये घरी परतला. वाटेत १६००–०१ मध्ये त्याचा मुक्काम आपल्या गोव्यात होता. त्याच्या वृत्तांतात गोव्यावर चांगला मजकूर आहे, मराठी वाचकाने त्यासाठीही तो पाहावा. परतल्यावर त्याने ग्रँड ड्यूकला जे सांगितलं त्यात काकाओचं आणि चॉकलेट पिण्याच्या चालीचं वर्णन आहे. ‘पिण्याच्या’ हा शब्द अधोरेखित करा. चॉकलेट तेव्हा पेय होतं. काकाओतलं लोणी दाबून वेगळं करण्याची व्हान हाउटेनची पद्धत १८२८ ची आणि खाण्याची छापील वडी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. बुओन्तालेंती १६०८ मध्ये वारला. आजच्या झुक्कोत्तोतले चॉकलेटचे तुकडे त्याच्या भांड्यात पडणं कठीणच.

पण थांबा. यावरून ‘झुक्कोत्तो एकोणिसाव्या शतकाआधीचा नाही’ असं लिहू नका. घटकावरून मिळते ती ‘यापूर्वी नाही’ अशी खालची मर्यादा, आणि तीही त्या घटकाची, पदार्थाची नव्हे. चॉकलेट नंतर घातलं असेल. मुद्दा असा की आधी तुम्हाला ठरवावं लागेल की तुम्ही झुक्कोत्तो कशाला म्हणता. घुमट आकार? अल्केर्मेस? अर्धगोठलेपण? यातलं काय काढलं तर तो झुक्कोत्तो उरत नाही? संशोधन आराखड्यात ‘संकल्पनांची व्याख्या’ असा रकाना असतो ना, जो आपण सगळे शेवटच्या रात्री भरतो, तो इथे उपयोगी पडतो.

अल्केर्मेसवर मात्र मी जरा रेंगाळणार आहे. हे नाव अरबी ‘अल-किर्मिझ’वरून आलं. किर्मिझ म्हणजे एका प्रकारच्या ओकवर राहणारा बारीक किडा; तो वाळवून लाल रंग काढत. अरबीत तो शब्द फारसीतून आला आणि त्याचं मूळ आपल्या ‘कृमि’पर्यंत नेतात. मराठीतला ‘किरमिजी’ रंग तो हाच. फ्लॉरेन्सच्या केकचा लाल रंग आणि किरमिजी शालूचा रंग यांचं गोत्र एक, हे लक्षात आलं तेव्हा मला खरंच मजा वाटली. सुरुवातीला हे मद्य नव्हतंच, औषध होतं. बगदादच्या वैद्यपरंपरेतून युरोपात गेलेलं ‘कन्फेक्शियो अल्केर्मेस’ नावाचं चाटण हृदयाला बळ देणारं मानत. त्यात गुलाबपाणी, दालचिनी, मोती, सोन्याचा वर्ख असं सगळं पडायचं. फ्लॉरेन्समध्ये सान्ता मारिया नोव्हेल्ला मठाची औषधशाळा आहे, तिथलं मद्यरूपातलं अल्केर्मेस कोझिमो बुचेल्ली या धर्मबंधूच्या १७४३ च्या कृतीशी जोडलेलं आहे. नंतर युरोपी ओकवरच्या किड्याची जागा अमेरिकेतल्या निवडुंगावरच्या कोचिनील किड्याने घेतली. म्हणजे रंग तोच, नाव तेच, आणि किडा बदललेला. उगमाच्या शोधात असलेल्या माणसाला याहून चांगला इशारा मिळणार नाही.

राहिली थंडी. इथे मात्र कथेच्या विरुद्ध निकाल द्यायची घाई केली तर तुम्ही फसाल. गोठवणं सोळाव्या शतकात अशक्य होतं का? नाही. लहानपणी पॉट आइस्क्रीम पाहिलं असेल तर आठवा: लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ, मधे डबा, आणि हँडल फिरवणारा कुणीतरी. मीठ बर्फाला वितळायला लावतं, वितळताना बर्फ उष्णता ओढून घेतो आणि मिश्रण शून्याच्या खूप खाली, नेमकं प्रमाण जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. नेपल्सच्या ज्यांबात्तिस्ता देल्ला पोर्ताने १५८९ च्या आपल्या ग्रंथात बर्फ आणि सोरा वापरून वाइन गोठवण्याची कृती दिली आहे. त्याच सुमारास अकबराच्या दरबारात पाणी गार करायला सोरा वापरत, याची नोंद अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त केली आहे. तेव्हा बुओन्तालेंतीला तंत्र ठाऊक असणं शक्य आहे. पण ‘शक्य आहे’ आणि ‘केलं’ यांच्यामध्ये एक मोठी दरी असते आणि बहुतेक उगमकथा त्या दरीवर टाकलेल्या फळीवरूनच चालतात. वाइनचा एक प्याला गोठवून पाहुण्यांना थक्क करणं वेगळं आणि दुधासायीचा पदार्थ नेमाने गोठवणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीचा ठोस छापील पुरावा इटलीत सतराव्या शतकाच्या शेवटी सापडतो: आंतोनियो लातीनीचा नेपल्समध्ये १६९२ आणि १६९४ मध्ये दोन भागांत छापलेला ग्रंथ. त्यात सरबतं गोठवण्याच्या कृती आहेत, दुधाचीही.

आकाराबद्दलही दोन शब्द. झुक्का म्हणजे भोपळा, आणि बोलीत डोकं. त्यावरून झुक्कोत्तो हे डोक्याला घट्ट बसणाऱ्या शिरस्त्राणाचं नाव. धर्मगुरूंच्या छोट्या गोल टोपीला झुक्केत्तो म्हणतात, म्हणून काहीजण केकचा संबंध टोपीशी लावतात. आणखी काहीजण ब्रुनेल्लेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये बांधलेल्या फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटाशी. तिन्ही खरं असू शकत नाही असं नाही, पण गंमत अशी की गोल वाडग्यात केलेला कुठलाही पदार्थ उलटा केला की घुमटच दिसतो. त्याला वास्तुशिल्पी लागत नाही. वाडगा लागतो.

मग झुक्कोत्तो आला कुठून? मला पुराव्याचा कल एका कमी नाट्यमय उत्तराकडे दिसतो. पेल्लेग्रीनो आर्तूझीचं १८९१ मध्ये फ्लॉरेन्सहून स्वखर्चाने छापलेलं पाककृतींचं पुस्तक इटालियन घराघरांत पोचलं. तो असेपर्यंत ते वाढत वाढत ७९० कृतींपर्यंत गेलं. त्यात ‘झुप्पा तार्तारा’ नावाची कृती आहे: साच्यात बिस्किटं किंवा स्पंज केक अल्केर्मेसमध्ये बुडवून लावायचे, मधे रिकोत्ताचे थर. ओळखीचं वाटतं ना? आकार आणि बर्फ सोडला तर झुक्कोत्तोचा सांगाडा मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात असा उभा होता. त्याला वाडग्यात घालून थंड करणारे हात कुणा गृहिणीचे असतील, मिठाईवाल्याचे असतील. त्यांची नावं ग्रँड ड्यूकच्या समारंभवर्णनात येत नाहीत. एका प्रसिद्ध पुरुषाला श्रेय दिलं की ही सगळी माणसं एका फटक्यात अदृश्य होतात. माझ्या मते या कथेतली खरी नुकसानीची जागा ती आहे. चुकलेली सनावळी त्यामानाने किरकोळ.

‘पारंपरिक’ या शब्दाबद्दलही सावध राहा. इटलीत पारंपरिक कृषी-खाद्य उत्पादनांची सरकारी यादी आहे. १९९९ च्या नियमानुसार तिथे नाव यायला पदार्थाची पद्धत किमान २५ वर्षं रुळलेली असावी लागते. पंचवीस! आपण ‘पारंपरिक’ म्हटलं की पाच शतकं गृहीत धरतो. पार्मा विद्यापीठातले आल्बेर्तो ग्रांदी यांनी २०१८ च्या पुस्तकात इटालियन खाद्यपरंपरेतलं बरंच काही दुसऱ्या महायुद्धानंतरचं आहे असं मांडून देशभर वाद ओढवून घेतला. ते कधीकधी जरा जास्तच ताणतात असं मला वाटतं, पण प्रश्न योग्य विचारतात. हॉब्सबॉम आणि रेंजर यांचं ‘परंपरेचा शोध’ या कल्पनेवरचं १९८३ चं संपादन तुमच्या अभ्यासक्रमात असेलच. ग्रांदी त्यासोबत वाचा.

कुणाला हे प्रत्यक्ष करून पाहायचं असेल तर मेदिची राजवटीची कागदपत्रं फ्लॉरेन्सच्या शासकीय अभिलेखागारात आहेत. सहा हजारांहून अधिक खंड, आणि त्यातल्या अनेक पत्रांचे गोषवारे आता घरबसल्या ऑनलाइन शोधता येतात. शोधताना केकचं नाव टाकून सुरुवात करू नका. बर्फासाठी ‘नेवे’ आणि ‘ग्याच्चो’, साखरेसाठी ‘झुक्केरो’ हे शब्द घ्या, १५८९ आणि १६०० या दोन लग्नांच्या आगेमागे शोधा आणि वर्णनांपेक्षा खर्चाच्या नोंदींवर जास्त वेळ घालवा. आणि त्यातच कुठे ‘झुक्कोत्तो’ हा शब्द दिसलाच, तर नाचण्याआधी वरच्या-खालच्या चार ओळी वाचा. तिथे बहुधा शस्त्रागाराची यादी असेल, आणि तो खरंच शिरस्त्राणच असेल.